३४० येन

पुण्यात मी सात वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं. एम. ए. राज्यशास्त्रात केलेलं, त्यामुळे मूलभूत हक्क आणि कर्तव्यं झोपेतून उठवलं तरी सांगता यायची. मुलं व्याख्या पाठ करायची, मी गुण द्यायचे, आणि शाळा सुटल्यावर त्याच वर्गातले कागदाचे बोळे शिपाईमामा झाडून न्यायचे. यात काही चुकतंय, असं तेव्हा मनातही आलं नाही.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही टोकियोच्या निशिकासाईत आलो. इथल्या मंडळींना निशिकासाई काय सांगायचं! पण आपला अंक भारतातल्या आजी-आजोबांपर्यंतही जातो, म्हणून सांगते. एदोगावा वॉर्डातलं, तोझाई मेट्रोवरचं हे स्टेशन. आसपास कढीपत्ता मिळतो, आणि संध्याकाळी बागेत मराठीपासून तमिळपर्यंत सगळं कानावर पडतं.

लेक इथल्या सरकारी शाळेत दुसरीत आहे. परदेशी मुलांना शाळा सक्तीची नाही, पण अर्ज केला तर फी न घेता शिकवतात. पहिली-दुसरीला विज्ञान आणि समाजशास्त्र नसतं. त्याऐवजी १९९२ पासून ‘सेइकात्सु’ म्हणजे ‘जगणं’ नावाचा विषय आहे. त्यातच ‘माची तांकेन’ येतं, म्हणजे मुलांनी पायी फिरून आपली वस्ती शोधायची. जूनमध्ये मी पालक-मदतनीस म्हणून एका गटाबरोबर गेले. पाच मुलं, गळ्यात पाटी-पेन्सिल. तोफूवाल्या आजोबांना विचारलं, “किती वाजता उठता?” पोस्टात विचारलं, “पाऊस आला तर पत्रं भिजत नाहीत का?” मग आपल्याकडच्या किराणा दुकानात शिरलो. तिथे हळदीचा वास घेऊन एक मुलगा सटासट शिंकला आणि माझ्या लेकीने दुभाष्याचं काम इतक्या रुबाबात केलं की मलाच हसू आवरेना. एरवी ती डब्यातली भाजी-पोळी मैत्रिणींसमोर उघडायला लाजते.

शाळेत वर्ग, जिने, संडाससुद्धा मुलंच साफ करतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला जास्त भावला तो एप्रन. जेवण वाढायची पाळी असलेली मुलं पांढरा एप्रन आणि टोपी घालतात. शुक्रवारी तो एप्रन घरी येतो. सोमवारी धुऊन, इस्त्री करून परत द्यायचा, कारण पुढच्या आठवड्यात तो दुसऱ्याच मुलाच्या अंगावर असतो. एकदा हळदीचा डाग निघाला नाही, तेव्हा रविवारी रात्री अकरा वाजता आम्ही मायलेकी बेसिनपाशी उभ्या होतो. “उद्या तो दुसऱ्याला घालायचाय गं, आई!” ती रडकुंडीला आली होती. इथे कधीकधी अतीच होतं, असंही वाटतं. सात वर्षांच्या पोरीला इतकी धास्ती कशाला?

ऑगस्टच्या सुट्टीत ग्योसेन बागेतल्या प्राणिसंग्रहालयातून परतताना तिला फुटपाथवर एक छोटी पर्स सापडली. मी म्हटलं, “कठड्यावर ठेव, ज्याची असेल तो नेईल.” खरं कारण वेगळं होतं. पोलिसांच्या भानगडीत पडायचं नाही, हे मी माहेराहूनच शिकून आले होते, आणि इथे तर आपण परके. पण ती हलेचना. माची तांकेनमध्ये त्यांनी कोबान, म्हणजे कोपऱ्यावरची पोलीस चौकी पाहिली होती. “तिथे नेऊन द्यायचं असतं,” एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

चौकीत तरुण पोलीस होता. त्याने तिला खुर्ची दिली. नाणी आमच्यासमोर मोजली, ३४० येन. कुठे सापडली, किती वाजता, हे नकाशावर बोट ठेवून विचारलं. माझ्याकडे न बघता, तिलाच विचारत होता. मग म्हणाला, तीन महिन्यांत मालक आला नाही तर हे तुझं, हवं आहे का? मी घाईघाईने “नको, नको” म्हणणार, इतक्यात ती “हो” म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने मात्र शांतपणे तसं लिहून घेतलं.

घरी येताना तिने विचारलं, “आई, आपण इथले आहोत का?”

मी अडखळले. आम्हाला इथे मत नाही. मूळचे महाराष्ट्रातले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये याच वॉर्डातून निवडून आले, तेही जपानी नागरिकत्व घेतल्यानंतरच. आणि त्याच वर्षी वॉर्डाने पुराचा नकाशा घरोघर वाटला होता. वॉर्डाची सुमारे सत्तर टक्के जमीन भरतीच्या पातळीखाली आहे, म्हणून मोठ्या पुराच्या वेळी ‘इथे थांबू नका’ असं त्यावर स्पष्ट छापलं होतं. नद्या फुगल्या तर पाणी काही पासपोर्ट बघणार नाही, आणि शेजारच्या आजींना जिन्यावरून उतरवताना आम्हीही बघणार नाही. पण हे सगळं सात वर्षांच्या मुलीला कसं सांगायचं? “राहतो तर इथेच ना,” एवढंच म्हटलं. तिला ते पटलं नसावं. वर्गात असं उत्तर मिळालं असतं तर मी अर्धाच गुण दिला असता.

पावती फ्रिजवर लावली आहे. मुदत नोव्हेंबरात संपते. मालक नाहीच आला, तर पर्स आणायला थेट इदाबाशीच्या हरवले-सापडले कार्यालयात जावं लागेल. नवऱ्याने हिशोब केला, दोघींचं जाण्यायेण्याचं भाडंच ३४० येनच्या वर जातं. लेक म्हणते, तोझाईनेच जाता येतं, गाडीसुद्धा बदलावी लागत नाही.