भोकांसकट

वेल्डिंग मशीनला चाकं हवी असतील तर ती त्यानेच स्वतःला लावून घ्यायची असतात. घरी हौसेने लोखंडकाम करणाऱ्या माणसाची पहिली ट्रॉली अशीच होते. मशीन जमिनीवर बसलेलं, शेजारी त्याच्याच गाड्याचा सांगाडा उलटा पडलेला, आणि मशीनमधून निघालेली केबल त्या सांगाड्याला टाके घालते आहे.

माझं मशीन जुन्या पद्धतीचं, ट्रान्सफॉर्मरचं, तांब्याच्या वाइंडिंगचं. ते दोघांनी उचलायचं आणि त्यातल्या एकाने नंतर कंबर धरायची. आता खांद्याला पट्ट्याने अडकवायची इन्व्हर्टर मशीनं आली आहेत, त्यामुळे ‘ट्रॉली कशाला, नवीन मशीन घ्या की’ हा सल्ला येणारा-जाणारा प्रत्येकजण देतो. सल्ला रास्त आहे. घरातली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते. इतक्या संथ हेलकाव्याला ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा मोठा लागतो. इन्व्हर्टर आधी तेच हेलकावे सेकंदाला हजारोंवर नेतो, मग गाभा मुठीत मावतो. म्हणजे माझ्या मशीनचं वजन हे त्याच्या संथपणाचं वजन आहे, आणि त्या संथपणाशी माझं जमतं. ते कधी बिघडत नाही, कारण त्यात बिघडण्यासारखं फारसं काही नाहीच. फक्त ते मागच्या अंगणात धुण्याच्या दगडाशेजारी असतं आणि काम निघतं पुढे फाटकाशी. मध्ये शहाबादी फरशी, तिच्या रुंद सांधी, आणि पावसाचं पाणी जायची नाली.

बाजारात मिळणारी तीन इंची कॅस्टर त्या नालीत अडकून बसतात, तेव्हा मोठी चाकं हवीत हे ठरलेलं होतं. बाकी काहीच ठरलेलं नव्हतं. कागदावरचा आराखडा भंगाराच्या दुकानाच्या दारापर्यंतच चालतो. आत गेलं की आराखडा ढिगात पडलेला असतो, तो उपसून काढायचा.

भंगाराचा एरवीचा रस्ता सरळ असतो. गल्लीतला हातगाडीवाला छोट्या दुकानात देतो, छोटा मोठ्या गोदामात, आणि तिथून ट्रक भट्टीकडे जातात. आपल्याकडे त्यातले कितीतरी जालन्याला जातात. तिथल्या इंडक्शन भट्ट्यांत खाटा, पिंपं, सायकली, खिडक्यांचे गज असं सगळं एकत्र वितळतं आणि बांधकामाची सळई होऊन बाहेर पडतं. पिंपरी-चिंचवडला चिखलीच्या कुदळवाडीत अशा गोदामांची एक अख्खी वस्ती होती. 2025 च्या फेब्रुवारीत महापालिकेने तिथली हजारो पत्राशेड आणि गोदामं जमीनदोस्त केली. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे पत्रे विकले त्यांचेच पत्रे त्या आठवड्यात भंगारात निघाले. त्या कारवाईच्या कायदेशीर बाजूबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत. मला आपलं राहून राहून ते पत्रे कुणी विकत घेतले असतील याचं कुतूहल वाटतं.

वितळलेल्या लोखंडाच्या गोष्टी भव्य असतात. पहिल्या महायुद्धात बिडाचा तुटवडा पडला तेव्हा लक्ष्मणराव किर्लोस्करांना कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या, आणि त्यांचे नांगर झाले. विमानवाहू ‘विक्रांत’ 1961 साली नौदलात आली, 1997 ला निवृत्त झाली, काही वर्षं मुंबईत तरंगतं संग्रहालय होऊन राहिली. 2014 मध्ये मुंबईच्याच दारुखान्यात तिची तोडणी सुरू झाली आणि 2016 मध्ये बजाजने तिच्या पोलादाचा अंश घालून ‘व्ही’ नावाची मोटारसायकल काढली. लोकांनी ती अभिमानाने घेतली, आणि त्यात चूक काही नाही. पण पेट्रोलच्या टाकीवर हात फिरवून कुणाला ते डेक जाणवलं असेल का? भट्टीतून निघालेल्या धातूला मागचं काही आठवत नाही. आठवण ठेवायची असेल तर वर बिल्ला लावावा लागतो.

घरी भट्टी नसते. ग्राइंडर, गुण्या, हातोडी आणि रॉड एवढ्यावर भागवायचं असतं, म्हणून लोखंड जसं असेल तसं घ्यावं लागतं. बाकासकट, रंगाच्या चार थरांसकट, भोकांसकट.

मला मिळाली ती एक लोखंडी कॉट. सव्वा इंची अँगलची, पूर्वी वसतिगृहांतून आणि दवाखान्यांतून असायची तसली. तिच्या कडेला ओळीने बारीक भोकं होती. जाळीच्या स्प्रिंगा तिथे अडकवतात. नव्या अँगलला भोक पाडायचं तर ड्रिल, बिट, वेळ. इथे भोकांची रांग आयती, फक्त ती दुसऱ्याच कुणाच्या पाठीच्या हिशोबाने पाडलेली. मग उलटा विचार सुरू होतो. या अंतरात काय अडकेल? चिपिंग हॅमर अडकेल, तारेचा ब्रश अडकेल, पक्कड अडकेल. ट्रॉलीची एक बाजू हत्यारांची झाली ती अशी. त्या अँगलची भोकं बाहेरच्या अंगाला यावीत म्हणून तो उलटा बसवला. उलटा बसवल्यामुळे आत पत्रा टेकायला कड उरली नाही. ती कड द्यायला खाली पट्टी आली, आणि पट्टी आल्यामुळे मधे एक कप्पा तयार झाला, त्यात आता ग्राइंडर राहतो. हे असं मी ठरवून कधीच केलं नसतं. कॉट करणाऱ्या कुण्या अनोळखी कारागिराने ते अर्धं ठरवून ठेवलेलं होतं.

भंगार निवडताना सगळ्यात मोठा प्रश्न असतो जातीचा. लोखंड म्हणून दिसतं ते सगळं एक नसतं. दुकानदाराला ते हातात घेतल्याबरोबर कळतं. एका दणकट पायाकडे मी हात नेला तर तो म्हणाला, “साहेब, ते ठेवा. बीड आहे. तुमचा रॉड लागेल, पण धरणार नाही.” शिलाई मशीनच्या जुन्या नक्षीदार पायांसारखाच तो ओतीव होता. बिडात कार्बन फार. साध्या रॉडने जोडलं की टाक्याच्या कडेनेच तडकतं. घरी आणल्यावर खात्री करायची तर ग्राइंडर लावून ठिणग्या बघाव्यात. सोनाराची कसोटी असते तशीच ही, फक्त दगड फिरता. साधं लोखंड लांब, सरळ, पिवळसर रेषा फेकतं. बिडाची ठिणगी तांबूस आणि आखूड, दगडाजवळच विझते. आणि जास्त कार्बनचं पोलाद असेल तर ठिणगीच्या टोकाला चांदण्या फुटतात, दाट आणि झटपट. ट्रकच्या पाट्याची ठिणगी अशी असते. असा पाटा वेल्ड केला आणि तसाच गार होऊ दिला तर थोड्या वेळाने कोपऱ्यातून ‘टिंग’ असा आवाज येतो. तो ऐकला की समजावं, गेला. पाटा हे घिसाड्यांचं लोखंड. रस्त्याकडेला भाता लावून ते त्याचे विळे-कोयते करतात, तापवून, ठोकून, पाणी देऊन. त्याला वेल्डिंगची घाई सोसत नाही.

आणि काही गोष्टी फुकट मिळाल्या तरी घेऊ नयेत. तेलाचं किंवा रसायनाचं बंद पिंप हा त्यातला पहिला नंबर. आत थेंबभर जरी उरलं असेल तरी वाफ साठलेली असते, आणि तापलेल्या टोकाला तेवढं पुरतं. दुसरी चकचकीत जी.आय. पाइप. तिच्यावरचं जस्त जळून पांढरा धूर होतो, आणि तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. मिस्त्री मंडळी यावर दूध सांगतात, गूळ सांगतात. जुन्या लोकांचा मान राखून मी दोन्ही घेतो, पण अशी पाइप घ्यावीच लागली तर आधी जस्त घासून काढतो आणि वारा पाठीमागून घेतो.

चाकांसाठी मात्र ढीग उपसावा लागला नाही. ती दारातच टांगलेली होती, बजाज चेतकची. 1972 साली आलेली ही स्कूटर मिळायला माणसं वर्षानुवर्षं नंबर लावून बसत. लग्नाच्या बोलणीत तिचा विषय निघे. आता तिची दहा इंची चाकं दोरीला माळेसारखी लटकतात आणि त्यांचा भाव कुणी विचारत नाही. काय नेटकी रचना आहे! रिम दोन अर्ध्या वाट्यांची, नटबोल्टने जोडलेली. पंक्चर काढायला टायर ओढताण करून उतरवावा लागत नाही, वाट्याच वेगळ्या करायच्या. पुढचं, मागचं आणि स्टेपनीचं चाक एकच. ज्याने हे आखलं त्याला रस्त्यात अडकलेला माणूस डोळ्यांपुढे दिसत असला पाहिजे. मी पुढची दोन चाकं हबसकट घेतली, आतल्या ब्रेकच्या शूसकट, आणि एक्सलचे तुकडेही. एक्सल कठीण पोलादाचा, त्याच्या वाटेला रॉड नेला नाही. जाड पट्टीला भोक पाडून नटाने आवळला. ट्रॉलीच्या दुसऱ्या टोकाला दवाखान्याच्या खाटेची दोन फिरती चाकं लागली. ती लहान आहेत, पण नाली आली की हँडल दाबून तेवढं टोक उचलता येतं.

जोडकामाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण बघणाऱ्याला वाटतं की वेल्डिंग म्हणजे ठिणग्या. खरं काम ठिणग्यांच्या आधी असतं. चौकट फरशीवर मांडायची, गुण्या लावायचा, मग दोन्ही कर्ण मोजायचे. कर्ण जुळले तर चौकट काटकोनात. माझा टेप मिलिमीटरचा आहे, पण शेजारचे मिस्त्री येऊन उभे राहिले की भाषा इंचावर आणि सुतावर येते. “दोन सूत खेचा इकडे,” ते म्हणतात, आणि मी खेचतो. आठ सुतांचा इंच हे माप डोळ्याला जेवढं पटकन लागतं तेवढं दशमान लागत नाही, निदान वाकून उभ्या असलेल्या माणसाला. मग चारी कोपऱ्यांना फक्त टाका मारायचा. पूर्ण वेल्डिंग एका कोपऱ्यापासून सुरू केलं की गार होताना धातू आकसतो आणि सगळी चौकट आपल्याकडे ओढतो. म्हणून समोरासमोरचे कोपरे आलटून पालटून घ्यायचे, मध्ये थांबायचं, पुन्हा कर्ण मोजायचे. जाड अँगलला सव्वातीन मिलिमीटरच्या आसपासचा रॉड, शंभर-सव्वाशे अँपिअर. कपाटाच्या फळीच्या पातळ पत्र्याला तोच लावला तर जोडाऐवजी खिडकी होते. तिथे अडीचचा रॉड, अँपिअर खाली, आणि रेघ न ओढता ठिपके.

जुन्या लोखंडाशी रॉडचं एक बरं असतं. थोडा गंज, थोडा रंग तो चालवून घेतो. त्याच्यावरचं लेपण जळून वर मळीचा पापुद्रा धरतं आणि त्याखाली टाका झाकला जातो. गार झाल्यावर चिपिंग हॅमरने ठोकलं की तो पापुद्रा उडतो. चांगला टाका असेल तर तो ठोकायच्या आधीच आपण होऊन सुटून वर वळलेला असतो. असं वर्षातून कधीतरी होतं आणि त्या दिवशी मी घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवतो. ते येतात, बघतात, ‘छान’ म्हणून परत जातात. तोपर्यंत शेजारच्या काकूंचा आवाज आलेला असतो, “अहो, दिवे मिचमिचतायत, तुमचं चालू आहे का?” माझं मशीन सुरू होताना गल्लीतल्या सगळ्या ट्यूब एकदा मान खाली घालतात.

हँडल एसटीचं आहे. म्हणजे एसटीच्या सीटची पाठीमागची नळी, जी मागच्या प्रवाशाने धरायची असते. गाड्या मोडीत निघाल्या की त्यांची आसनं कुठल्या कुठे जातात. त्यातली एक या ढिगात होती. नळीवरचा रंग मधल्या भागात पार उडालेला, धातू गुळगुळीत. घाटात वळणं घेताना किती तळहातांनी ती आवळली असेल. ट्रॉलीला लावायची म्हणून तिची दोन टोकं कापली, पण तिचा बाक आहे तोच ठेवला, आणि तो बाक ढकलताना हाताला इतका बरोबर येतो की वाटावं मापाने करून घेतला. सगळ्या ट्रॉलीला रेड ऑक्साइड मारला, वर काळा रंग. नळीच्या मधल्या भागाला मात्र ब्रश लावला नाही. तिथे रंग टिकणारही नाही.

केबलच्या वेटोळ्यांसाठी खिडकीचे गज वाकवून आकडे केले. रॉड ठेवायला एक नळकांडं, वर घट्ट बसणारं झाकण, कारण पावसाळ्यात रॉड दमट झाले की आर्क तडतडतो आणि टाक्यात बुडबुडे राहतात. मशीनची फळी मुद्दाम पुढून किंचित वर उचललेली आहे. अँपिअरचा आकडा वाचायला गुडघ्यावर बसावं लागू नये एवढ्यासाठी.

एक अडचण उरली आहे. आमचं अंगण फाटकाकडे उतरतं, पाणी वाहून जावं म्हणून. चेतकची चाकं इतकी हलकी फिरतात की मशीनसकट ट्रॉली आपली आपण निघते. सध्या चाकाखाली वीट लावतो. पण हबमध्ये ब्रेकचे शू तसेच आहेत, बाहेर त्यांचा दांडाही आहे. तो हाताने ओढून पाहिला तर चाक जागच्या जागी आवळलं. वायर सायकलच्या दुकानात मिळेल. लिव्हर एसटीच्या नळीवर बसायला हवी, आणि नळी स्कूटरच्या हँडलपेक्षा जाड निघाली आहे, तेव्हा क्लॅम्प वेगळा करावा लागेल. रविवारी जुन्या बाजारात जाऊन बघतो. ब्रेकची लिव्हर नाही मिळाली तर क्लचचीही चालेल.