भरपाई

2019 साली मुलीची स्कूटर पुण्याहून बेळगावला एका वाहतूक कंपनीच्या ट्रकमधून आणवली. गोदामात पाहतो तो हँडल वाकलेले, पुढचा दिवा फुटलेला. कारकून म्हणाला, "सर, आधी सही करा, मग बघू." मी आधी बिल्टीवर नुकसान लिहिले आणि मग सही केली. मुख्याध्यापकाची सवय, दुसरे काय!

"माल मालकाच्या जोखमीवर, असं छापलंय सर," व्यवस्थापक म्हणाले. मी कायदा सांगितला. वाहतूकदाराचा किंवा त्याच्या नोकरांचा निष्काळजीपणा माल पाठवणाऱ्याने सिद्ध करावा लागत नाही, हा 1865 चा दंडक 2007 च्या कायद्यातही कायम आहे. फक्त बुकिंगपासून 180 दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. ते नरमले. "बरं, हमालाच्या पगारातून कापून देतो."

हमाल मान खाली घालून कोपऱ्यात उभा होता. मी 'ठीक' म्हणणार, तोच शाळेतला पृथ्वीगोल आठवला. पूर्वी शिपाईमामांच्या हातून तो फुटला, तेव्हा मीच त्यांच्या पगारातून पैसे कापले होते. तो माडीवरून एकट्याने उतरवायला मीच सांगितले होते, याची नोंद मात्र कुठेच केली नव्हती.

"जबाबदारी कंपनीची, हमालाची नव्हे," असे मी नोटिशीत लिहिले. दोन महिन्यांनी कंपनीकडून भरपाई आली. त्याच संध्याकाळी निवृत्त मामांच्या घरी गेलो, पाकीट पुढे केले.

"आता कशाला सर?" म्हणत त्यांनी चहा दिला. पाकीट घेतले नाही. ते अजून माझ्या कपाटात आहे.