मधली वाटी

मिसळणाच्या डब्यात सात वाट्या का, याचं उत्तर स्वयंपाकात नाही, भूमितीत आहे. एका गोल वाटीभोवती त्याच मापाच्या बरोबर सहा वाट्या एकमेकींना टेकून बसतात. पाच ठेवल्या तर फट राहते, सातवी घुसवायला गेलं तर मावत नाही. डब्याचा आतला व्यास वाटीच्या तिप्पट, किंचित सैल, घेतला की काम झालं. म्हणजे फोडणीला सात जिन्नस लागतात म्हणून वाट्या सात झाल्या नाहीत. वाट्या सात झाल्या म्हणून आपण सातवा जिन्नस शोधत बसलो. मोहरी, जिरं, मेथी, हळद, तिखट, धने-जिऱ्याची पूड इथवर बहुतेक घरांचं जुळतं. मधल्या वाटीपाशी आलं की घरोघरी वेगळी चूल. कुणी तिथे गोडा मसाला भरतं, कुणी ओवा, कुणी मोहरीच. प्रश्न किरकोळ वाटतो, आणि हात चपळ असेतो तो किरकोळच असतो. पण वय बोटांच्या सांध्यांत उतरलं की आजवर हात जे बिनबोभाट सांभाळून घेत होता ते मांडणीला सांभाळावं लागतं. मांडणीत किती खोट होती ते तेव्हा उघडं पडतं. माझ्या हिशेबी त्या खोटीचा मुक्काम मधल्या वाटीत आहे.

फोडणीवरच एवढा काथ्याकूट कशासाठी, असं कुणी म्हणेल. कारण स्वयंपाकघरातली बाकीची कामं माणसाला सवलत देतात आणि फोडणी देत नाही. भात दोन मिनिटं जास्त मुरला तर बिघडत नाही, कणीक पाच मिनिटं उशिरा मळली तरी चालते. फोडणीत मात्र हिशेब सेकंदांचा. तेल पुरतं तापलं नसेल तर मोहरी तडतडत नाही आणि कच्ची कडवट लागते. तापलं असेल तर दाण्यातल्या ओलाव्याची वाफ होऊन साल फुटते, तोच तो तडतडाट. तो ओसरायच्या बेतात असताना जिरं पडलं पाहिजे, कारण जिरं मोहरीपेक्षा लवकर करपतं. मग हिंग. बाजारातल्या बांधानी हिंगात निम्म्याहून जास्त पीठ आणि डिंकच असतो, त्यामुळे हिंग जळला असं आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा त्यातलं पीठच जळलेलं असतं. शेवटी हळद. ती आधीच दळलेली, म्हणजे तिच्या कणाकणाला तेल एकदमच भिडतं. पिवळ्याची तपकिरी व्हायला तिला एका श्वासाइतका वेळ पुरतो. त्यात भांडं लोखंडी कढलं असेल तर गॅस बंद केल्यानेही फोडणी थांबत नाही. जाड लोखंड साठवलेली आच तेलाला देतच राहतं, आणि विस्तव विझलेला असताना हळद काळी पडते. नवशिक्याला ही जादू वाटते. जाणत्यांनाही ती अधूनमधून फसवते.

म्हणून माझं म्हणणं असं की, स्वयंपाकघरातल्या झाडून साऱ्या सोप्या युक्त्या एकाच युक्तीच्या लेकी आहेत: विस्तवावरचं काम विस्तवाच्या आधी उरकायचं. वरणाची डाळ कुकरला लावतानाच हळद-हिंग तिच्यात घालणं ही तीच युक्ती. फोडणीतले सगळ्यांत नाजूक दोन जिन्नस तिथे आधीच सुरक्षित झाले. पोह्यांना कांदा आधी आणि हळद नंतर, ही तीच युक्ती. कांद्याच्या पाण्याने तेलाची आच उतरते आणि मग हळदीला धोका राहत नाही. रश्श्याचं तिखट चमचाभर पाण्यात कालवून तेलात सोडणं हीसुद्धा तीच, कारण पाणी असेतो त्या गोळ्याची उष्णता शंभर अंशांच्या फारशी वर जात नाही. पाणी उडालं की मगच तेल त्याला गाठतं. साठवणीचंही तसंच. तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात लावून ठेवला की दाण्यावर बसलेल्या पापुद्र्यामुळे किडीचं अंडं धरत नाही, आणि श्रावणात डाळ निवडत बसायची वेळ येत नाही. या सगळ्यांत युक्ती दिसते छोटी आणि कारण असतं पक्कं. ज्या युक्तीचं कारण सांगता येत नाही ती युक्ती नव्हे, तो नुसता शकुन.

आता डबा. त्यातला पहिला नियम वाट्यांचा नाही, चमच्याच्या वाटेचा आहे. वाटीतून निघालेला चमचा कढईपर्यंत जाताना मधल्या वाट्यांवरून जातो, आणि जाताना थोडं सांडतो. मोहरीचे चार दाणे हळदीत पडले तर काही होत नाही. पुढच्या वेळी ते दिसतात, उचलता येतात. पण हळदीची धूळ मोहरीवर बसली तर ती दिसत नाही, आणि पुढच्या फोडणीला मोहरीबरोबर कडकडीत तेलात जाऊन आधीच जळते. वरणावर तरंगणारे काळे ठिपके जिऱ्याचे म्हणून आपण सोडून देतो. त्यांतले बरेचसे या धुळीचे असतात. तेव्हा पुडी गॅसच्या बाजूला आणि दाणे पलीकडच्या बाजूला, हा सरळ न्याय. मग पूड कुठल्याच दाण्यावरून जात नाही. डबा चौकोनी कप्प्यांचा न करता गोल करणाऱ्याचं शहाणपण इथे कळतं. डावखुरा माणूस गॅसच्या दुसऱ्या अंगाला डबा ठेवतो. त्याने वाट्या बदलायच्या नाहीत, डबा फक्त अर्धा फिरवायचा. धुतल्यावर वाट्या भलत्याच क्रमाने बसतात, त्यावर डब्याच्या काठाला नेलपॉलिशचा एक ठिपका पुरतो: ठिपका गॅसकडे, हळद ठिपक्याशी.

बाहेरच्या सहा वाट्यांचा निकाल या न्यायाने लागतो. मधलीपाशी मात्र हा न्याय मुका होतो. तिथे दाणे ठेवले तरी पूड त्यांच्यावरून जात नाही, आणि पूड ठेवली तरी ती दाण्यांवरून जात नाही. मग दुसरी कसोटी लावावी लागते. बाहेरची कुठलीही वाटी तीन वाट्यांना टेकलेली असते, मधली सहांना. डबा उचलताना कलला, झाकण जोरात बसवलं, की साऱ्यांचा सांडलेला ऐवज मध्ये गोळा होतो. म्हणून गोडा मसाला तिथे नको. दगडफूल, नागकेसर, तीळ, खोबरं भाजून केलेल्या त्या मसाल्याची सगळी प्रतिष्ठा वासात. रोज दोनदा उघडणाऱ्या डब्यात तो वास तसाही उडतो, त्यात सहा शेजाऱ्यांची भेसळ. मोहरी ठेवावी तर ती सगळ्यांत आधी संपते, म्हणजे ती वाटी सगळ्यांत जास्त वेळा उचलायची. आणि सहांच्या मध्ये दाटून बसलेल्या वाटीच्या काठाखाली बोट जात नाही. चिमटीत धरून ओढली की शेजारची हळद कलंडते. तरण्या बोटांना हे जमतं आणि म्हणून कुणी बोलत नाही. मीठ तर डब्यातच नको. ते हवेतलं पाणी ओढतं आणि स्टीललाही बारीक खड्डे पाडतं. ओवा, तीळ, उडदाची डाळ एकेक करून तपासले तरी प्रत्येकाला काही ना काही अडचण निघते. सातवा जिन्नस मुळात नाहीच, हे कबूल करणं एवढंच उरतं.

म्हणून मधली वाटी रिकामी ठेवावी आणि तिच्यात दोन चमचे असावेत, एक दाण्यांचा, एक पुडींचा, दोन्ही कोरडे. एवढ्या साध्या निकालाला मी फार उशिरा आले. तो सुचत नव्हता असं नाही. तो मानवत नव्हता. उघडलेला डबा म्हणजे घरचा दागिना. सातही वाट्या काठोकाठ, पिवळा, लाल, काळा, करडा रंग शेजारी शेजारी, आणि बघणाऱ्याच्या तोंडून निघालेलं ‘किती नीटनेटकं!’ त्या शब्दाची चटक वाईट. त्यापायी वाट्या महिन्याभराच्या भरल्या जातात, वास्तविक पंधरा दिवसांच्याच भराव्यात; मधोमध रिकामी जागा म्हणजे गृहिणीपणाला खिंडार वाटतं. सोयीसाठी मांडलेली वस्तू कौतुकासाठी कधी मांडली जाऊ लागली ते मांडणाऱ्यालाही कळत नाही.

आजकालच्या काचेच्या एकसारख्या बरण्यांच्या रांगा पाहिल्या की हाच मोह मोठ्या प्रमाणावर दिसतो. साठवणीला बरण्या उत्तम, त्यावर चिठ्ठ्या असणं त्याहून उत्तम. पण फोडणी चालू असताना पाच झाकणं फिरवायची हे मला हास्यास्पद वाटतं. आणि उजेडात ठेवलेल्या हळदीचा रंग फिका पडतो तो वेगळाच. गॅसच्या खालच्या खोल ट्रॉलीत मसाले ठेवणारे तर मसाल्यांना रोज दोन वेळा शेक देतात. अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितींतून ज्या ‘दहा भन्नाट टिप्स’ वाहत येतात, त्यांच्याशी माझं भांडण टिपांबद्दल नाही. त्यांतल्या कित्येक खऱ्या असतात. भांडण एवढंच की त्या कारण सांगत नाहीत. कारण कळलं नाही की युक्ती आपल्या ओट्याला, आपल्या कढईला, आपल्या हाताला जुळवून घेता येत नाही. याउलट कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० साली आली तेव्हा तिने ‘अंदाजाने’ या शब्दाचा अंमल मोडला आणि वाटी-चमच्याचं माप हातात दिलं. अंदाज हा ज्याचा त्याच्यापाशी राहतो. माप दुसऱ्याला देता येतं. युक्तीची परीक्षा हीच, ती परक्या हातात चालते का.

यावर अनुभवी मंडळींचा आक्षेप ठरलेला आहे: हाताला सवय लागली की डोळे मिटून हळद सापडते, हे न्याय-कसोट्यांचं लचांड कशाला? सवय खरी आहे, तिची ताकदही खरी आहे. पण सवयीला वाईट मांडणीही चालते, हा तिचा दोष आहे. ती खोट भरून काढते आणि म्हणून खोट दिसू देत नाही. दुसरा आक्षेप नव्या संसारांचा: दोघंही आठला घराबाहेर पडतात, रविवारी फोडणी करून बाटलीत भरून ठेवली की प्रश्न मिटला. वेळेची ओढाताण नाकारण्याचा मला अधिकार नाही आणि गरजेला ती बाटली चालेल. पण फोडणीचा जीव तिच्या वासात असतो, आणि तो वास गरम तेल वरणावर पडतानाच्या त्या ‘चुर्र’मध्ये सुटतो, चार दिवसांच्या तेलात रंग राहतो, तो वास राहत नाही. नीट मांडलेल्या डब्याने ताजी फोडणी दोन मिनिटांत होत असेल तर बाटलीने वाचवलं किती?

तिसरा आक्षेप सगळ्यांत जड आहे. स्वयंपाक सोपा करण्याच्या युक्त्या शतकभर बायकांनाच सांगितल्या गेल्या. सोपं झालं म्हणून काम वाटलं गेलं नाही, उलट ‘आता काय, सगळं सोपं तर आहे’ म्हणून तिच्याच अंगावर राहिलं. हे मला मान्य आहे, आणि यात आम्हा निगुतीने स्वयंपाकघर लावणाऱ्या बायकांचा वाटाही मान्य आहे. घरातल्या इतर कुणाला जिरं सापडत नाही याची आम्ही तक्रार करतो, पण त्या तक्रारीत सुख असतं. आपल्यावाचून अडतं, हे ते सुख. मनातल्या नकाशावर लावलेलं स्वयंपाकघर म्हणजे कुलूप न लावता केलेली कुलूपबंदी. नवरा, मुलगा, सून, पाहुणी, कुणीही आलं तरी आधी विचारायला लागतं, आणि विचारणाऱ्याला ‘राहू दे, मीच करते’ हे उत्तर तयार असतं. म्हणून युक्ती टाकून द्यायला नको; तिचं माप बदलायला हवं. काम एकीला किती सोपं झालं, यापेक्षा दुसऱ्या किती जणांना करता येऊ लागलं, हे पाहावं. त्या मापाने भरलेला सातरंगी डबा नापास होतो आणि रिकाम्या मधल्या वाटीचा, काठाला ठिपका असलेला डबा उत्तीर्ण होतो.

तेव्हा एकदा आपला डबा घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी हाती द्या, कढल्यात तेल तापत ठेवा आणि गप्प उभ्या राहा. त्याने ‘हळद कुठंय?’ असं विचारलं, तर चूक त्याची नाही.