शिक्षा आणि सिक्खा

स्मरणिकेत शाळेच्या यशाची नोंद व्हावी, हा संकेत योग्यच आहे. निकालाचे आकडे, नव्या इमारती, मोठ्या पदांवर पोहोचलेले माजी विद्यार्थी यांविषयी या अंकात इतरत्र लिहिले गेलेच आहे. आम्ही येथे वेगळा विषय मांडणार आहोत. वसतिगृहाशी आमचा संबंध पंचवीस वर्षांहून अधिक काळाचा आहे. या काळात शिक्षक-कक्षात सर्वांत हळू आवाजात बोलला गेलेला विषय म्हणजे मुलांच्या खिशात सापडणारी तंबाखू.

शहरी पालकांना सिगारेटची धास्ती असते. आपल्या मुलांपर्यंत मात्र तंबाखू धुराऐवजी पुडीतून येते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करत होते. धूम्रपान करणारे ३.८ टक्के होते, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. देशातील १३ ते १५ वयोगटातील शालेय विद्यार्थ्यांच्या २०१९ च्या सर्वेक्षणात ८.५ टक्के मुलेमुली कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेताना आढळली. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी मावा आहे, चुना लावून मळलेली तंबाखू आहे आणि घरोघरी सकाळची मशेरीही आहे.

आपला भूगोलही विसरून चालणार नाही. कोल्हापूरपासून निपाणी सुमारे चाळीस किलोमीटरवर. तेथील तंबाखूच्या वखारींत आणि विड्या वळण्याच्या कामात आपल्या समाजातील असंख्य आयाबहिणींचे आयुष्य गेले. १९८१ साली तेथेच तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांनी भावासाठी रस्ता अडवला. ज्या पिकावर चूल पेटते, त्याला विष म्हणणे त्या घरातील मुलाला सोपे नसते. त्याची तंबाखूशी पहिली ओळख पानपट्टीवर होत नाही. ती आजीच्या चंचीत होते.

पालक म्हणतात, “गुरुजी, हे बापजाद्यांपासून चालत आलंय.” इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्ही त्यांना नम्रपणे सांगतो की तंबाखू मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांबरोबर ती इकडे आली. सतराव्या शतकाच्या आरंभी असद बेग या मोगल अधिकाऱ्याने ती विजापुराहून नेऊन अकबराला नजर केली. म्हणजे या मुलखात ती चार-सव्वाचार शतकांची पाहुणी आहे. जहांगीराने १६१७ मध्ये तिच्यावर बंदी घातली आणि ती बंदी कोणी जुमानली नाही. नुसत्या फर्मानाने व्यसन जात नाही, हे तेव्हापासून सिद्ध आहे.

काही वर्षांपूर्वी नववीतील एका मुलाच्या पेटीत माव्याच्या पुड्या सापडल्या. बैठक बसली. दाखला हातात द्यावा, म्हणजे इतरांना जरब बसेल, असे काहींचे मत पडले. त्यांची चिंता खोटी नव्हती, कारण एका खोलीतील सवय आठवड्यात चार खोल्यांत पोहोचते. शिक्षण हक्क कायदा आठवीपर्यंतच्या मुलाला शाळेतून काढू देत नाही. नववीच्या मुलाला ते कवच नाही. निर्णय सर्वस्वी आमच्या हाती होता.

त्या बैठकीत आम्ही दोन तारखांची आठवण दिली. १९०८ साली छत्रपती शाहू महाराजांनी याच कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू केले. १९२५ साली बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह उघडले. शाळेचे दार उघडले तरी राहायला छप्पर आणि जेवायला ताट नसेल, तर आपले मूल शिकू शकत नाही, हे त्या दोघांनी जाणले होते. आपल्या मुलाला वसतिगृहातून काढणे म्हणजे केवळ शिस्तीची कारवाई नव्हे. त्याच्या शिक्षणाचे छप्परच त्यामुळे जाते.

मुलाला विचारले तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “सर, सुट्टीत आईबाबांबरोबर फडात जातो. पहाटे तीनला उठवतात. दाढेला धरली की झोपबी जाते अन् भूकबी मरते.” त्याचा दाखला काढला असता तर तो त्याच फडात गेला असता. ज्या जागेने त्याला तंबाखू दिली, तिच्याच स्वाधीन त्याला करणे ही कसली सुधारणा?

मराठीत ‘शिक्षा’ म्हणजे दंड. पालीतील ‘सिक्खा’ म्हणजे शिकणे, सराव करणे. पंचशीलातील प्रत्येक शील हे सिक्खापद आहे, म्हणजे आपण होऊन स्वीकारलेला अभ्यासाचा पाठ. पाचव्या शिलात तंबाखूचे नाव नाही, कारण बुद्धकाळी ती या देशात नव्हतीच. तेथे प्रमादाला, बेसावधपणाला कारण होणारी मादक द्रव्ये वर्ज्य केली आहेत. मुले विचारतात, “तंबाखूनं कुठं शुद्ध हरपते?” आम्ही उलट विचारतो, “पुडी संपल्यावर तासाभराने तुझं मन कुठं असतं?” उत्तर त्यांना ठाऊक असते.

बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिभेद निर्मूलन’ या प्रबंधात नियम आणि तत्त्व यांत भेद केला आहे. नियम काय करावे ते सांगतो, तत्त्व विचार करून निवडायला लावते, आणि जबाबदारी तेथेच जन्मते. पहारा आहे तोवर नियम पाळणारा मुलगा दहावीनंतर पहिल्याच नाक्यावर तो मोडतो.

त्या मुलाला आम्ही ठेवून घेतले. त्याचे नाव वंदनेच्या वेळी सर्वांसमोर घेतले नाही. पहिले काही दिवस डोके दुखणे, चिडचिड, झोप न लागणे असा त्रास झाला. निकोटीन सुटताना हे व्हायचेच, आणि दोन-चार आठवड्यांत ते ओसरते, हे डॉक्टरांनी त्याला समजावून सांगितले. सकाळची न्याहारी लवकर दिली. संध्याकाळी फुटबॉलच्या मैदानावर धाडले. दहावीचा एक समंजस मुलगा सोबतीला दिला, मात्र त्याला हेरगिरीचे काम दिले नाही.

आम्ही त्याला राहुलाची गोष्ट सांगितली. भगवान बुद्धांनी आपल्या मुलाला पाण्याच्या भांड्याचा दाखला देऊन खोटे बोलण्यातील हानी दाखवली. मग, आरशात पाहावे तसे कृतीपूर्वी, कृती करताना आणि कृतीनंतर स्वतःकडे पाहण्यास सांगितले. सम्राट अशोकाने बैराटच्या शिलालेखात ज्या मोजक्या उपदेशांची शिफारस केली, त्यांत हा राहुलोवाद आहे. तो मुलगा दोनदा घसरला, दोन्ही वेळा सुट्टीनंतर. दहावीच्या वर्षी दिवाळीहून परतल्यावर त्याने उरलेली पुडी स्वतः आणून आमच्या मेजावर ठेवली. कोणी झडती घेतली नव्हती.

मुलांशी मऊ वागावे, याचा अर्थ मोठ्यांनाही मोकळीक असा नव्हे. २००३ च्या कायद्यानुसार शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही आणि अठरा वर्षांखालील कोणालाही ती देता येत नाही. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७७ नुसार मुलाला तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कठोरपणा दाखवायचाच असेल तर त्याची जागा येथे आहे. शिक्षकाच्या तोंडात बार असेल तर त्याने या विषयावर वर्गात बोलू नये, हेही आम्ही सहकाऱ्यांना स्पष्ट सांगत आलो आहोत.

म्हणून दोन विनंत्या. पालकहो, भेटीच्या रविवारी चंची घरी ठेवून या, आणि मुलाला पुडी आणायला कधीही पाठवू नका. स्वतः सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११२-३५६ हा शासनाचा निःशुल्क दूरध्वनी आहे. माजी विद्यार्थ्यांनो, सुट्टीत फडावर जाणाऱ्या मुलांना शाळेत ठेवून घ्यायचे, तर त्यांच्या दोन वेळच्या जेवणाची आणि अभ्यासवर्गाची सोय करावी लागेल. दिवाळीच्या एका सुट्टीची जबाबदारी आपल्यापैकी एकेका बॅचने उचलली, तरी कितीतरी मुले पहाटे तीनला उठणार नाहीत.

जय भीम.