ओम्स्कच्या पुढं, निमगावच्या वर

पानमळा असलेल्या घरात नवरा-बायको एकमेकांसमोर बसत नाहीत. वेळ नसतो हे अर्धंच कारण, मुळात तशी रीतच नसते. निमगाव केतकीत आमचा मळा आहे. पानं खुडायची, कवळ्या लावायच्या, वेल वाढला की त्याची उतरण करायची, पुन्हा शेवरीला बांधायचा. वीज रात्रीची असली की बॅटरी घेऊन मोटर चालू करायला जायचं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते, त्यामुळं मळ्यातलं माझं काम सकाळ-संध्याकाळचं. उभ्या जन्माचं आमचं बोलणं पाठमोरं झालं, ते सरीत आणि मी बांधावर. आषाढात तुकोबांची पालखी गावात मुक्कामाला येते, तिथून आम्ही दोघं पंढरपूरपर्यंत चालतो, पण तेही बरोबरीनं नाही. हे पुढं टाळकऱ्यांत, मी मागं तुळशीवाल्या बायांत. वाखरीला पोचल्यावर ‘पायाला फोड आले का’ एवढी चौकशी होते.

मी निवृत्त झाले तेव्हा मुलानं विचारलं, आता कुठं जायचंय? दुबई-सिंगापूर त्याच्या मनात होतं. मी ट्रान्स-सायबेरियन रेल्वे म्हणाले. भूगोलाच्या तासाला वर्षानुवर्षं फळ्यावर मॉस्को ते व्लादिवोस्तोक अशी एक रेघ मी ओढत आले होते. जगातला सर्वांत लांब लोहमार्ग, ९,२८८ किलोमीटर, मुलं वहीत लिहून घ्यायची. त्या रेघेला काय काय लागतं ते बघायचं होतं. हे म्हणाले, “गाडीतनं उतरायचंच नाही? मग करायचं काय?” प्रश्न रास्त होता.

२०१७चा सप्टेंबर. गणपती बोळवले आणि मळा भाऊजींच्या हवाली करून निघालो. “पितरात कुणी परदेशी जातं का?” असं गल्लीत दोघी-तिघींनी ऐकवलं. पितृपंधरवड्यात पानाला उठाव कमी असतो, हे उत्तर ह्यांनी परस्पर देऊन टाकलं.

‘रोसिया’ नावाची नावाजलेली गाडी हे अंतर तेव्हा साधारण सहा दिवसांत तोडायची. आम्ही तिच्याहून संथ आणि स्वस्त गाडी धरली. चार बर्थच्या कप्प्यात खालच्या दोन्ही आमच्या, मध्ये टेबल. वरचे प्रवासी बदलत राहिले. डब्याच्या टोकाला कोळशावर तापणारी पाण्याची टाकी, उकळतं पाणी रात्रंदिवस फुकट. डबा सांभाळणाऱ्या बाईला तिथं प्रवोदनित्सा म्हणतात. ती नक्षीच्या धातूच्या खोळीत बसवलेले काचेचे ग्लास द्यायची. आमची चहापूड, तिचं पाणी. दूध नाही. ह्यांनी पहिल्या दिवशी तोंड वाकडं केलं, नंतर मुकाट प्यायला लागले. वरच्या बर्थवरच्या एका आजींनी उकडलेले बटाटे आणि खारवलेल्या काकड्या पुढं केल्या, मी दशमी आणि शेंगदाण्याची चटणी. चटणी त्यांना झेपली. ठसका लागला, पण त्यांनी पुन्हा घेतली.

पहिले दोन दिवस मात्र फार अवघड गेले. खिडकीबाहेर भूर्ज, पुन्हा भूर्ज, पिवळी पडत चाललेली पानं, मध्येच लाकडी घरांची एखादी वस्ती. आत समोर हे. इतक्या जवळून, इतका वेळ, हाताला काहीही काम नसलेले. मी पुस्तक उघडायची, हे पंखा आहे का बघायचे. माणसाचा संकोच नवऱ्याशीही असू शकतो, आणि तोही पस्तीस-छत्तीस वर्षांनी, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. नव्या नवरीचा संकोच तरी कामात बुडवता येतो.

घड्याळानंही साथ सोडलेली. तेव्हा रशियातल्या रेल्वेचं सगळं वेळापत्रक मॉस्कोच्या वेळेनं चालायचं. तिकिटावर तीच वेळ, स्टेशनच्या घड्याळातही तीच. ऑगस्ट २०१८पासून स्थानिक वेळ आली. व्लादिवोस्तोक मॉस्कोच्या सात तास पुढं, म्हणजे तिथं सूर्य उगवताना स्टेशनात मध्यरात्र. गाडी पूर्वेला जाते तसा दिवस आखूड होत जातो, जेवायच्या वेळेवरून भांडणं होतात. तीही आमच्यात झाली. ह्यांनी शेवटी स्वतःचं घड्याळ गावच्या वेळेवर लावलं आणि बदलायला साफ नकार दिला.

आणि त्यांचंच घड्याळ एकदा बरोबर ठरलं. ओम्स्क ७३ रेखांशाच्या थोडं पुढं, निमगाव ७५च्या किंचित अलीकडं. म्हणजे ओम्स्क सोडून गाडी थोडी पुढं गेली की नकाशावर आपण गावाच्या नेमके वर असतो. निमगावात सूर्य डोक्यावर येतो त्याच क्षणी तिथंही मध्यान्ह. हे मी ह्यांना वहीत आकृती काढून समजावलं. एवढा लक्ष देणारा विद्यार्थी मला शाळेत क्वचित मिळाला. तिथून पुढं बराबाचा सपाट, तळ्यातळ्यांचा मुलूख लागतो. थापट्या, तलवार बदक, असली बदकं पश्चिम सायबेरियातल्या अशा पाणथळींत उन्हाळ्यात पिल्लं वाढवतात आणि थंडीत दक्षिणेला उतरतात. आमच्या शेजारच्या भिगवणला, उजनीच्या फुगवट्यावर, हिवाळ्यात त्यांचे थवे असतात. मुंबईचे लोक कॅमेरे घेऊन येतात ते रोहितासाठी, आणि रोहित तर कच्छातला. लांबून आलेल्या मातकट बदकांकडं फारसं कुणी बघत नाही. ह्यांनी खिडकीला नाक लावून विचारलं, “आत्ता निघाली असतील का?” मी म्हटलं, निघतच असतील. “मग आपण घरी पोचेपर्यंत तीही यायला लागतील.”

मारिइन्स्क हे गाव कुठल्या सहलीच्या पत्रकात सापडणार नाही. तिथं गाडी बराच वेळ थांबते, कारण तारांमधली वीज बदलते. अलीकडं ३,००० व्होल्टची डीसी, पलीकडं २५,००० व्होल्टची एसी, त्यामुळं इंजिन बदलावं लागतं. हे फलाटावर उतरून टोकापर्यंत चालत गेले. जुनं इंजिन सुटलं, नवं लागलं, कामगार हातोड्यानं चाकं ठोकत, आवाज ऐकत गाडीच्या कडेनं आले. परत येऊन म्हणाले, “पुण्याला पूर्वी असंच बदलायचं.” मग थोड्या वेळानं, खिडकीकडं बघत, “मला दौंडला खलाशाचा कॉल आला होता. लग्नाच्या आदल्या वर्षी. दादा म्हणाले, मळा कोण बघणार.” एवढंच. मी विचारलं, मला कधी सांगितलं नाहीत? तर म्हणाले, “विषय कुठं निघाला?” खरं आहे, मळ्यात दौंडचा विषय निघायचा कसा? त्यासाठी कुणीतरी चाक ठोकायला हवं होतं, तेही सायबेरियात.

या मार्गाचा आरंभ १८९१ला व्लादिवोस्तोकच्या टोकाकडूनही झाला. तो समारंभ करणारा युवराज निकोलस, म्हणजे पुढचा शेवटचा झार, त्याच दौऱ्यात डिसेंबर १८९०मध्ये मुंबईला उतरून हिंदुस्थान हिंडून गेला होता. मार्ग बांधला सैनिकांनी, मजुरांनी आणि कैद्यांनी. १९०४पर्यंत बैकाल सरोवराच्या काठची फट बुजली नव्हती, तोवर गाड्या बर्फ फोडणाऱ्या जहाजावर चढवून पलीकडं नेत. आता रूळ काठाकाठानं तासन् तास जातात. बैकाल दिसला तेव्हा मी गप्प झाले, ह्यांनी हिशेब मांडला. जगातल्या जमिनीवरच्या न गोठलेल्या गोड्या पाण्याचा पाचवा हिस्सा म्हणजे किती टीएमसी? उजनी ११७. कागदावर आकडे वाढत गेले आणि सात हजारांहून जास्त उजन्या बसल्या. “इंदापूर अन् सोलापूर, दोघांनाही पुरलं असतं,” हे म्हणाले. आमच्या तालुक्यात याहून मोठी स्तुती कुठल्याही पाण्याची होत नाही.

खरं भांडण चिता स्टेशनाच्या आसपास झालं. डिसेंबर १८२५मध्ये झारविरुद्ध उठलेल्या अधिकाऱ्यांना बेड्या घालून सायबेरियात पाठवलं, आणि अकरा बायका त्यांच्यामागं आल्या. रेल्वे नव्हती, थंडीत घसरगाड्यांतून आल्या. अट अशी की सरदारकीचे हक्क सोडायचे, मुलं मागं ठेवायची. मारिया वोल्कोन्स्काया वर्षभराचंही न झालेलं बाळ ठेवून निघाली. खाणीवर नवरा दिसला तेव्हा तिनं गुडघे टेकून आधी त्याच्या बेडीचं चुंबन घेतलं, असं तिनंच लिहून ठेवलं आहे. ते बाळ दोन वर्षांचं होऊन गेलं, तिला पुन्हा दिसलं नाही. चितामध्ये ह्या बायका जिथं राहिल्या त्या रस्त्याला लोक बायकांचा रस्ता म्हणत. आपल्या उर्मिलेला कुणी विचारलंही नाही, ह्या बायकांनी अर्ज करून वनवास मागून घेतला, असं मी म्हणाले.

“पोरगं ठेवून जायला नको होतं.”

“मग नवऱ्याला एकटं मरू द्यायचं?”

“त्यानंच नको म्हणायला पाहिजे होतं.”

माझी पहिली नेमणूक वेल्हे तालुक्यात झाली तेव्हा आमचा मुलगा सासूबाईंजवळ होता. ह्यांच्या वाक्यात ते नव्हतं, आणि होतंही. मी विचारलं. तेव्हा ते म्हणाले, की मी म्हणतोय ते त्या रशियनाबद्दल नाही. “मी नको म्हणायला पाहिजे होतं का, ते मला अजून ठरवता येत नाही. तुझी नोकरी होती म्हणून दुष्काळात मळा टिकला.” मी काही बोलले नाही. राग गेला असं नाही, पण तो कुठं ठेवलाय हे कळलं. वरच्या बर्थवरच्या तरुण शिपायाला आम्ही काय भांडतोय ते समजत नव्हतं, तरी त्यानं आम्हा दोघांनाही चॉकलेट दिलं.

व्लादिवोस्तोकला फलाटावर ९२८८ आकडा कोरलेला खांब आहे. तिथं फोटो काढला. परतीचं विमान, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. विमानात माणसं समोरासमोर नसतात.

गावात आल्यावर कवळ्या लावता लावता जाऊबाईंनी विचारलं, काय बघितलं? हे मारिइन्स्कचं इंजिन, चाकं ठोकणारी माणसं आणि सात हजार उजन्या सांगत बसले. मग मी घसरगाडीतून आलेल्या बायका, चटणी खाणाऱ्या आजी आणि शिपाई सांगितला. त्यांनी दोघांचं ऐकून घेतलं, पानाचे देठ जुळवले आणि भाऊजींकडं बघत म्हणाल्या, “दोघं एकाच गाडीत होते ना हो?”