दाखला

दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात माझ्या टेबलावर एक बिल येते. सोबतच्या तक्त्यात नाव, हजर दिवस, वेतन, भविष्य निर्वाह निधी, राज्य विमा आणि सर्वांत शेवटी एजन्सीचे सेवाशुल्क असे रकाने असतात. बेरीज जुळली की मी सही करतो. दिल्लीतील या कार्यालयात चार वर्षे मी हे करीत आलो आहे. त्या तक्त्यातील एखादे नाव कधी माझी झोप उडवील, असे मात्र मला वाटले नव्हते.

आमच्या पिढीला एजन्सी हा शब्द तसा उपराच. आमच्या वेळी नोकरीच्या वाटेवरचा पहिला मुक्काम म्हणजे सेवायोजन कार्यालय. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना कामे मिळावीत म्हणून १९४५ साली ही कार्यालये निघाली. १९४८ पासून ती सर्वांना खुली झाली. आणि १९५९ च्या कायद्याने सरकारी व मोठ्या खाजगी आस्थापनांना आपल्या रिकाम्या जागा तेथे कळविणे बंधनकारक झाले. कळविणे बंधनकारक, तेथूनच माणूस घेणे मात्र नव्हे! मी १९८८ साली साताऱ्याला नाव नोंदविले, कार्ड जिवापाड जपले, वेळच्या वेळी त्याचे नूतनीकरण केले. मुलाखतीचे पहिले पत्र घरी पोहोचले, तेव्हा परीक्षा देऊन मी दिल्लीत दोन वर्षे नोकरी करीत होतो.

त्यामुळे भाचा बी.कॉम. होऊन माझ्याकडे आला आणि त्याने एका एजन्सीत नाव घातले, तेव्हा मी नाक मुरडले.

"अरे, हे शेवटी दलालच की!"

"मामा, आपल्याकडे पैसे मागते ती दलाल," तो शांतपणे म्हणाला. "ती पाहिली की उठून यायचं. ही आपला मोबदला कंपनीकडून घेते."

त्याने मग मलाच धडा दिला. नेमणूकपत्र कोणाच्या नावाचे, मुदत किती, सांगितलेल्या आकड्यातून हातात किती पडणार आणि निधीची रक्कम आपल्याच खाते क्रमांकावर दरमहा भरली जाते की नाही, एवढे सही करण्यापूर्वी विचारावे, असे तो म्हणाला. तीन आठवड्यांत त्याला गुरुग्रामच्या एका कंपनीत हिशेबाचे काम मिळाले. माझ्या त्या कार्डाने जे चार वर्षांत केले नाही, ते एजन्सीने एकवीस दिवसांत केले, हे मला मान्य करावे लागले.

अकरा महिन्यांनी मुदत संपली. त्याने कंपनीकडे अनुभवाचा दाखला मागितला. उत्तर आले, "आपण आमचे कर्मचारी नव्हता." एजन्सीने दाखला दिला; पण त्यात केवळ नाव आणि दोन तारखा. काम कोठे केले, काय केले, याचा उल्लेख नाही. पुढच्या मुलाखतीत त्याला विचारण्यात आले, "आपण त्या कंपनीत होता म्हणता, पण कागद तसे म्हणत नाही." घरी येऊन तो जेवला नाही. खिडकीशी उभा राहून म्हणाला, "मामा, मग वर्षभर मी होतो तरी कुठं?"

त्या रात्री त्या कंपनीला लिहावयाच्या खरमरीत पत्राचा मसुदा मी मनात जुळवीत होतो. 'आपण आमचे कर्मचारी नव्हता' या वाक्यापाशी मी अडखळलो. हे वाक्य ओळखीचे वाटत होते. नुसते ओळखीचे नव्हे. ते माझेच होते.

तीनच महिन्यांपूर्वी आमच्या कार्यालयातील एका संगणकचालक बाईंनी असाच अर्ज केला होता. एका संस्थेत कायम जागा निघाली होती, त्यासाठी अनुभवाचा दाखला हवा होता. मी शेरा मारला होता : 'अर्जदार या कार्यालयाच्या कर्मचारी नाहीत. संबंधित एजन्सीशी संपर्क साधावा.' नियमाने त्यात काही चूक नव्हती. कंत्राटी कामगारांविषयीच्या १९७१ च्या केंद्रीय नियमांत काम संपल्यावर सेवेचा दाखला देण्याची जबाबदारी कंत्राटदारावर होती. २०२० च्या संहितेतही अनुभवाचा दाखला मागितल्यास तो कंत्राटदारानेच द्यावा, असे आहे. शिवाय शेजारच्या अधिकाऱ्यांनी मला बजावले होते, "लेखी काही देऊ नका. उद्या तोच कागद कायम करण्याच्या मागणीला जोडला जाईल." वस्तुतः २००६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने उमादेवी प्रकरणात स्पष्ट केले आहे, की केवळ वर्षानुवर्षे काम केल्याने सरकारी सेवेत कायम होण्याचा हक्क उत्पन्न होत नाही. तेव्हा भीतीलाही फारसा आधार नव्हता. आधार होता तो सवयीला.

दुसऱ्या दिवशी मी त्या बाईंना बोलावले. अर्जाची तारीख केव्हाच उलटून गेली होती. त्यांनी ते तक्रारीच्या सुरात सांगितले नाही, हेच मला अधिक लागले. मी स्वतः चार ओळींचा मजकूर लिहिला : अमुक एजन्सीमार्फत, अमुक तारखेपासून, या कार्यालयात, अमुक काम त्यांनी समाधानकारकपणे केले. त्यात त्यांना आमचे कर्मचारी म्हटले नव्हते. जे खरे होते, तेवढेच लिहिले होते. त्यांनी कागद वाचला आणि संकोचाने म्हणाल्या, "साहेब, यात तीन वर्षं कमी आहेत."

खरेच होते. मी चालू एजन्सीच्या कंत्राटापासून तारीख धरली होती. निविदा बदलली, एजन्सी बदलली. माणसे त्याच खुर्च्यांवर, पण दरवेळी नव्याने रुजू झालेली! माझ्याच कारकीर्दीत तीन एजन्स्या झाल्या होत्या.

मी जुन्या फायली मागविल्या आणि दुपारभर बिले चाळीत बसलो. चार वर्षांची अठ्ठेचाळीस बिले. प्रत्येकात त्यांचे नाव होते. कधी सातव्या ओळीत, कधी अकराव्या. आणि प्रत्येक पानाच्या तळाशी, त्या व्यक्तीने या कार्यालयात काम केल्याची ग्वाही देणारी सही होती. ती माझी होती.

दाखल्यातील तारीख मी दुरुस्त केली. भाच्याच्या कंपनीला लिहावयाचे ते खरमरीत पत्र मात्र मी लिहिले नाही. त्याऐवजी साधे विनंतीपत्र लिहिले, आणि कसा दाखला देता येतो याचा नमुना म्हणून, नाव वगळून, त्या चार ओळी त्याला जोडल्या.