वेताळाचे चित्र

ज्यांचे बालपण 'चांदोबा'च्या संगतीत गेले, त्यांतील कित्येकांना तो मद्रासहून येत असे याची कल्पनाही नसेल. मी राहते ते अण्णा नगर आणि वडपळनी यांत अंतर थोड्याच मैलांचे. बी. नागी रेड्डी व चक्रपाणी यांनी १९४७ च्या जुलैत 'चंदामामा' सुरू केला. मराठी 'चांदोबा' १९५२ साली आला. आता तो बंद पडला आहे. जुने, बांधून घेतलेले अंक तेवढे माझ्या कपाटात आहेत.

त्यांत सर्वाधिक हाताळलेली पाने विक्रम-वेताळाची. ते चित्र 'शंकर' यांचे, म्हणजे के. सी. शिवशंकरन यांचे. २०२० साली ते निवर्तले; पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. राजाच्या हाती तलवार, खांद्यावर प्रेत, भोवती स्मशान. भयाची सामग्री सगळी आहे. पण राजाचे पाऊल पाहा, किती ठाम पडले आहे! अंधारही रंगाने माखलेला नाही. तो रेघारेघांनी विणलेला असल्यामुळे मुलाची नजर त्यात शिरू शकते. हल्ली पुष्कळ चित्रपुस्तकांत भुताला गोलमटोल, हसरे करून टाकतात. मला त्यात मुलांचा किंचित अपमानच वाटतो.

कथेची योजनाही अशीच धीट. वेताळ गोष्ट सांगतो आणि शेवटी न्यायाचा प्रश्न घालतो. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर त्याच्या मस्तकाची शकले होणार. बोलला तर मौन मोडणार आणि वेताळ पुन्हा झाडावर!

माझी आठ वर्षांची नात हे वाचू लागली आणि दोन रात्री दिवा मालवू देईना. अंक काढून ठेवावेत, असे सूनबाईंचे म्हणणे पडले. ते गैर नव्हते. मुलीची झोप हा काही थट्टेचा विषय नव्हे. अखेर अंक राहिले, वाचनाची वेळ तेवढी दुपारची झाली. नातीने स्वतःच एक युक्ती काढली. प्रथम ती सबंध चित्रावर तळहात ठेवून वाची; मग बोटांच्या फटीतून राजा पाहू लागली; वेताळाची पाळी पुष्कळ दिवसांनी आली.

परवा तिने विचारले, "आजी, बोललं की वेताळ पळतो, हे राजाला ठाऊक आहे ना? मग तो दर वेळी उत्तर का देतो?"

"नाहीतर डोकं फुटेल ना त्याचं!" सूनबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

नातीला ते पटले नाही. "तसं नाही गं आई," ती म्हणाली, "त्याला उत्तर द्यायला आवडतं."